आई-बाबांच्या लग्नाची कॅसेट डीव्हीडीवर घेतोय: हलता मेनू आणि सीनमधली ट्रान्झिशन कशी करायची?

#१ येळ्ळूरची_पोर

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आई-बाबांचं लग्न १९९६ चं, येळ्ळूरला, घरापुढंच मांडव घालून. त्याच्या व्हीएचएसच्या दोन कॅसेटी आईनं शालूसोबत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेल्या. गोकाकच्या मामाकडं चालू व्हीसीआर निघाला, तो मांडीवर घेऊन एसटीनं आणला. यूएसबीचा कॅप्चर डोंगल लावून दोन्ही कॅसेटी लॅपटॉपवर घेतल्या. मिळून पावणेतीन तास भरलं. चित्र बरं आहे, फक्त खालच्या कडेला एक वळवळणारी पट्टी दिसते.

बाबांकडं डीव्हीडी प्लेयर आहे. मोबाईलवर बघणार नाहीत, तो त्यांच्या लेखी फक्त बोलायचा. म्हणून डीव्हीडीच करायची आहे. डोक्यात असं आहे: टीव्हीवर झेंडूचं तोरण हळू हलतंय, मागं सनई, खाली हळद, देवक, अक्षता, आहेर, वरात अशी बटणं. बटण दाबलं की अंतरपाट सरकतो आणि मागून तो प्रसंग सुरू होतो.

डीव्हीडी बनवायचं सॉफ्टवेअर, डीव्हीडी स्टायलर, उतरवून घेतलं. मागं फोटो लावला, बटणं लावली, चालतंय. पण बटणाला ॲनिमेशन लावायचं ऑप्शन दोन रात्री शोधतोय, सापडेना. आणि सीन बदलताना काय लावू? फुलं, पान उलटणं, चौकोन, सगळं आहे सॉफ्टवेअरमध्ये. अक्षरं मराठीत हवीत, आणि आजोळच्यांसाठी कन्नडमध्ये पण.

#२ खडेबाजार

डीव्हीडी कशाला करत बसलाय? पेनड्राइव्हवर टाका, टीव्हीला खोचा, विषय संपला.

#३ येळ्ळूरची_पोर

टीव्ही जुना, डबा टीव्ही आहे. खोचायला भोकच नाही.

#४ निपाणी_ते_हिंजवडी

आणि खोचायला जागा असती तरी मेनू दिसला नसता. बहुतेक टीव्ही पेनड्राइव्हवरच्या डीव्हीडी फोल्डरमधले व्हीओबी (व्हिडिओच्या फाइलींचे) तुकडे नुसते एकामागे एक वाजवतात, बटणं-बिटणं काही नाही. मेनू हवा असेल तर प्लेयर हवाच.

गंमत म्हणजे डीव्हीडी प्लेयर पहिल्यांदा बाजारात आले ते जपानात, १९९६ च्या नोव्हेंबरात. बाबांचा संसार आणि डीव्हीडी एकाच वर्षाचे.

ॲनिमेशनचं ऑप्शन सापडेना, कारण ते नाहीच. प्लेयर स्वतः काहीही काढत नाही. त्याला दोनच गोष्टी येतात: तयार एमपेग-२ (डीव्हीडीच्या प्रकारचा) व्हिडिओ वाजवणं, आणि त्यावर एक साधं सपाट चित्र, म्हणजे चित्रपट्टी, ठेवणं. त्या पट्टीत फक्त चार रंग, त्यातला एक पारदर्शक करावाच लागतो. बटण निवडल्यावर जे उजळतं ते या पट्टीतलं. तोरण हलायचं असेल तर हलणारं तोरण तू एडिटिंगमध्ये व्हिडिओ म्हणून करायचं आणि मेनूच्या मागं फोटोऐवजी तो व्हिडिओ लावायचा. अंतरपाटसुद्धा एक छोटा व्हिडिओच. बटण दाबल्यावर प्लेयरनं आधी त्या तुकड्यावर उडी मारायची, तो संपला की प्रसंगावर. डीव्हीडी म्हणजे तुकडे आणि उड्या. एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं एडिटिंग आहे.

स्टायलरमध्ये प्रत्येक तुकड्याच्या गुणधर्मांत पोस्ट कमांड म्हणून रकाना असतो. तुकडा संपल्यावर कुठं जायचं ते तिथं लिहायचं.

आणि दादा, अंतरपाटाची कल्पना झकास आहे.

#५ येळ्ळूरची_पोर

दादा नव्हे, ताई. आमच्या बेळगावकडं बायकाबी 'आलो, गेलो'च म्हणतात. पुण्यात रोज कुणीतरी चूक सुधारतो, आता इथं नको.

#६ निपाणी_ते_हिंजवडी

माफी असावी ताई. निपाणीचा असून विसरलो, हिंजवडीचं पाणी.

#७ शहापूरचा_शूटर

काय करूलालीस पोरी, लई दिवसांनी कुणीतरी कॅसेटचं नाव काढलं. मी शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर अशी पंधरा-वीस वर्षं लग्नं काढली. तुझ्या आई-बाबांचं मीच काढलं असलं तर नवल नको. खात्री करायची असली तर बघ, अक्षतांच्या वेळी नवरीच्या तोंडाभोवती बदाम आला का? बदाम आला तर तो माझा, न्हाईतर माझ्या शेजारच्याचा. नक्षी घालायचा व्हिडिओ मिक्सर आम्ही दोघांत मिळून वापरत होतो.

म्हणून एक सांगतो. त्या कॅसेटीत आधीच सगळी नक्षी केलेली असते. पाकळ्या उघडतात, पडदा फाटतो, नवरा-नवरी झेंडूच्या हारात फिरतात. त्यावर तू आणि तुझी नक्षी घातलीस तर गोंधळाला गोंधळी भेटल्यागत होईल. जिथं आम्ही जोडलंय ते जोड तसंच ठेव. ते वाईट दिसतंय, खरं ते १९९६ चं आहे. जिथं तू कापणार तिथं नुसतं विरघळव, अर्धा सेकंद. दिवस बदलला, म्हणजे हळदीची रात्र संपली आणि लग्नाचा दिवस उजाडला, तर काळं करून एक सेकंद थांब. बस.

खालची वळवळणारी पट्टी बिघाड न्हवे. व्हीसीआर टेप वाचताना एका हेडवरून दुसऱ्यावर जातो तिथला तो किरकिराट. जुन्या टीव्हीत तो काचेच्या कडेखाली लपत होता. खालच्या आठ-दहा ओळी काळ्या करून टाक. चित्र ताणून झाकू नको, ताणलंस तर ओळी एकमेकांत मिसळतात आणि सगळं थरथरतं.

आणि आहेर कापू नको. सगळे पहिली कात्री आहेरालाच लावतात.

#८ खडेबाजार

आहेर पाऊण तास असतो काका. भिंगरी लावल्यागत माणसं येतात, पाकीट देतात, जातात. कोण बघतंय?

#९ शहापूरचा_शूटर

तीस वर्षांनी तेच बघतात. मंगलाष्टकाला कॅमेरा नवरा-नवरीवर आणि भटजीवर. गावातलं प्रत्येक माणूस एकदा तरी समोरून सरळ तोंडानं दिसतं ते फक्त आहेरात. त्यातली निम्मी आता न्हाईत.

#१० निपाणी_ते_हिंजवडी

काकांशी सहमत. फक्त जागेचा हिशोब कर. एकपदरी डिस्क ४.७ जीबीची, म्हणजे ३७.६ अब्ज बिट. पावणेतीन तास म्हणजे ९,९०० सेकंद. भागलं तर सेकंदाला ३.८ मेगाबिट, त्यात आवाज आणि मेनू दोन्ही आले. मी व्हिडिओला ३.४ च्या वर जाणार नाही. डीव्हीडीची परवानगी ९.८ पर्यंत असते, म्हणजे तू तिसऱ्या हिश्श्यात काम करतेयस.

एवढ्या कमी बिटात नक्षीदार ट्रान्झिशन मारच खातं. पान उलटताना, फुलं उधळताना पडद्यावरचा प्रत्येक ठिपका एकदम बदलतो, एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरला, बिट पुरत नाहीत आणि चित्राचे चौकोन पडतात. लग्नातला फोटोग्राफरचा फ्लॅशसुद्धा तसाच. एक फ्लॅश म्हणजे एक पूर्ण नवीन चित्र. त्यामुळं एन्कोडिंग दोन फेऱ्यांचं कर, पहिल्या फेरीत तो बघून ठेवतो कुठं फ्लॅश आहेत.

दोन वाटा आहेत. एक, कॅसेटी दोन तशा डिस्कही दोन. दुसरी वाट कमी लोकांना माहीत असते: डीव्हीडीत ७२० बाय ५७६ शिवाय ३५२ बाय ५७६ पण चालतं. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील मुळात २४० रेघांच्या आसपास, त्याला ७२० ठिपके म्हणजे पावशेर दुधाला घागर. निम्म्या रुंदीत तेच बिट दुप्पट पुरतात. मेनू मात्र पूर्ण ७२० चाच कर, त्याची अक्षरं स्वच्छ हवीत. मेनूला जागा काहीच लागत नाही. २० सेकंदांचा मेनू ६ मेगाबिटनं १५ एमबी.

#११ येळ्ळूरची_पोर

दुसरी वाट घेतो. बाबा डिस्क बदलायला उठणार नाहीत.

काका, बदाम आहे. अक्षतांच्या वेळी नाही, वरातीच्या वेळी आहे, बाबा घोड्यावर आणि भोवती बदाम.

#१२ शहापूरचा_शूटर

मग तो शेजाऱ्याचा. घोड्याला बदाम मी घातला नसता.

#१३ चिकोडीच्या_बाई

मी शाळेत शिकवते. आमच्या स्नेहसंमेलनाच्या डीव्हीड्या बरीच वर्षं मीच करत होते, दोन्ही लिप्यांत, त्यामुळं अक्षरांचा भाग माझ्याकडं.

आधी शिरोरेषा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पहिल्या वर्षी संगणकावर सुंदर दिसणारं 'वार्षिक स्नेहसंमेलन' हॉलमधल्या टीव्हीवर नुसतं लुकलुकत होतं. मुख्याध्यापक म्हणाले, बल्ब गेलाय का. कारण असं की डबा टीव्ही चित्र दोन हप्त्यांत काढतो. आधी एकाआड एक २८८ ओळी, मग उरलेल्या २८८. तुमची शिरोरेषा एकच ठिपका जाड असेल तर ती फक्त एका हप्त्यात येते, दुसऱ्यात नसते, आणि सेकंदाला २५ वेळा पेटते-विझते. इंग्रजी अक्षरांना हा त्रास कमी, त्यांना डोक्यावर अशी सलग आडवी रेघ नसते. आपल्याला प्रत्येक शब्दावर आहे. म्हणून जाड फाँट घ्या, शिरोरेषा निदान तीन ठिपक्यांची पाहिजे. तरी लुकलुकली तर अक्षरांना उभ्या दिशेनं एका ठिपक्याचा ब्लर द्या. संगणकावर थोडं पुसट वाटेल, टीव्हीवर घट्ट दिसतं.

कन्नडला शिरोरेषा नाही, प्रत्येक अक्षराचा वेगळा तलकट्टू (डोक्यावरची छोटी खूण) असतो, तो कमी लुकलुकतो. पण ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली खाली लिहायची अक्षरं, खाली लोंबतात. मराठीच्या मापानं दोन ओळींत अंतर ठेवलंत तर वरच्या ओळीचं ओत्तक्षर खालच्या ओळीच्या डोक्यात शिरतं. दीडपट अंतर ठेवा.

अक्षरं डीव्हीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करू नका. इंकस्केप किंवा गिंपमध्ये करून चित्र म्हणून आणा. जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी टाइप केलं की 'हिरवा'ची वेलांटी ह च्या पुढं जाऊन बसते आणि रफार कुठंतरी भलतीकडे. म्हणून तर सगळे पत्रिकावाले इतकी वर्षं श्रीलिपी या जुन्या फाँटच्या सॉफ्टवेअरला चिकटून राहिले.

माप: चित्र ७६८ बाय ५७६ वर काढा आणि शेवटी दाबून ७२० बाय ५७६ करा. टीव्हीचा ठिपका चौरस नसतो. थेट ७२० वर काढलंत तर गोल कुंकू टीव्हीवर आडवं, लंबगोल दिसेल. कडेनं दहावा हिस्सा रिकामा सोडा, म्हणजे ७२० च्या चित्रात डावी-उजवीकडं ७२ ठिपके, वर-खाली ५८. डबा टीव्ही कडा खातो. आमच्या पहिल्या डीव्हीडीत 'स्वागतम्'चं 'गतम्' झालं होतं.

रंग: लग्न म्हटलं की सगळे भडक लाल घेतात. तीन रंगी पिनांच्या पिवळ्या वायरीतून भडक लाल पसरतो, अक्षराला ओघळ आल्यासारखा. विटकरी किंवा काळपट कुंकवाचा रंग घ्या.

#१४ तंबाखू_डेपो

बाईंनी शाळेत घेतलं सगळ्यांना. पाटी-पेन्सिल काढा.

#१५ चिकोडीच्या_बाई

तुम्ही मागच्या बाकावरचे, तुम्हाला ओळखते मी.

#१६ येळ्ळूरची_पोर

बाई, शिरोरेषेचं वाचून आत्ता टीव्हीवर लावून बघितलं. खरंच लुकलुकते. मी दोन दिवस केबल बदलत होतो.

निवडलेलं बटण कसं उजळवू? 'हळद' शब्दच पिवळा करावा म्हणतोय.

#१७ निपाणी_ते_हिंजवडी

शब्द उजळवू नको. वर म्हटलं ते चार रंग आठव. त्या पट्टीत कडा मऊ करायला रंगच उरत नाहीत. मागच्या व्हिडिओतलं 'हळद' मऊ कडांचं आणि त्यावर करवतीच्या दातांची पिवळी 'हळद', दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसतही नाहीत. त्यापेक्षा प्रत्येक ओळीच्या डावीकडं रिकामी जागा सोड आणि निवडल्यावर तिथं पणती पेटू दे. पणती मागच्या व्हिडिओत विझलेली काढून ठेव, चित्रपट्टीत फक्त ज्योत. ज्योत एवढीशी, त्यात दाते दिसत नाहीत. ओके दाबल्यावर क्षणभर तिसरा रंग दिसतो, तो पांढरा दे.

बटणं एकाखाली एक ठेव. गोलात, वेलबुट्टीत मांडली की रिमोटचा खालचा बाण दाबल्यावर ज्योत कुठं जाईल हे बाबांनाच काय, आपल्यालाही कळत नाही. आणि शेवटच्या बटणावरून खाली दाबलं तर पहिल्यावर जाऊ दे.

आता तोरणाचा लूप. २० सेकंद म्हणजे ५०० फ्रेम, आपल्याकडं सेकंदाला २५. तोरणाचा एक झोका ४ सेकंदांचा धर, १०० फ्रेम. पाच झोक्यांत ५०० पुऱ्या होतात आणि शेवटची फ्रेम बरोबर पहिलीच्या मागं येऊन उभी राहते. इथं लोक एक चूक करतात, ५०१ वी फ्रेमही घेतात. ती म्हणजे पहिलीच, मग तोरण प्रत्येक फेरीत एक क्षण अडल्यासारखं वाटतं. तसंही प्लेयर मागं उडी मारताना किंचित थांबतोच, ते तुझ्या हातात नाही. म्हणून ती उडी झोक्याच्या टोकाला ठेव, जिथं तोरण स्वतःहूनच थांबून वळतं. मधे ठेवलीस तर हिसका दिसेल.

सनईचंही तसंच, उडीच्या आधी अर्धा सेकंद आवाज शून्यावर आण. न्हाईतर दर २० सेकंदांनी 'टक'.

#१८ शहापूरचा_शूटर

सनई बाजारातली लावू नको. कॅसेटीतच शोध. वाजंत्री मांडवाच्या दारात बसलेली असतात, कॅमेरा आत जाताना पाच-दहा सेकंद नुसती तीच ऐकू येतात. किंवा आहेराचा भोंगा घे. त्यात 'यांच्याकडून नवऱ्या मुलाला एकावन्न रुपये' असं पुकारतात की, त्या आवाजानं सगळं घर हसत उठतंय का न्हाई बघ.

#१९ येळ्ळूरची_पोर

काका, पुकारणारा आमचाच चुलत आजोबा निघाला. मधेच भोंग्यात विचारतोय, 'भात उतरला काय?' तेवढा तुकडा मेनूला घेतला.

आता अंतरपाट. घरातलं पांढरं धोतर घेतलं, आईनं कुंकवानं स्वस्तिक काढून दिलं. मला वाटतंय तिला संशय आलाय. मागं हिरवं नेट बांधून मोबाईलवर शूट केलं, दोघी बहिणींनी दोन टोकं धरली. हिरवं काढून टाकलं की धोतर तेवढं उरतं. खरं जोडल्यावर भंगार दिसतंय. बटण दाबलं की आधी तोरण एकदम दुसरीकडंच उडी मारतं, मग धोतर येतं, मग धोतर पडून प्रसंग दिसायला लागला की चित्र क्षणभर गोठतं, आणि मग पुढं सरकतं. दोन्ही बाजूंना हिसका.

#२० निपाणी_ते_हिंजवडी

दोन्ही हिसक्यांचं कारण एकच, उडी. फक्त ती कुठं लपवायची ते ठरवायला पाहिजे.

पहिला हिसका: बाबा बटण कधी दाबतील सांगता येत नाही. तोरण त्या क्षणी डावीकडं असेल, उजवीकडं असेल. तुझ्या तुकड्याची पहिली फ्रेम ठरलेली, म्हणून तोरण उडी मारतं. त्या तुकड्यात तोरण घेऊच नकोस. पहिल्या फ्रेमलाच धोतर अर्ध्या पडद्यावर आलेलं असू दे, पाच-सहा फ्रेममध्ये पूर्ण झाकू दे. डोळा धोतराकडं जातो, तोरणाचं काय झालं ते बघत नाही.

दुसरा हिसका: तू अख्खा अंतरपाट एकाच तुकड्यात घेतलायस, येणं आणि पडणं दोन्ही. मधे कापून टाक. तुकडा संपू दे तो धोतरानं पडदा पूर्ण झाकलेल्या फ्रेमवर, स्वस्तिक मधोमध. आणि धोतर पडतानाचा भाग प्रसंगाच्या सुरुवातीला जोड, म्हणजे प्रसंगाची पहिली फ्रेमही तेच झाकलेलं धोतर. प्लेयर उडी मारताना जो काही क्षण थांबेल तो स्वस्तिकावर थांबेल. अंतरपाट धरल्यावर थांबायचंच असतं, कुणाला शंका येत नाही.

#२१ शहापूरचा_शूटर

हे लई भारी. आमच्या वेळी हे सुचलं असतं तर बदाम घालायची वेळच आली नसती.

#२२ चिकोडीच्या_बाई

एक शंका. प्रसंगाच्या सुरुवातीला धोतर जोडलं तर सलग बघताना पाच वेळा अंतरपाट पडेल. हळदीला अंतरपाट कसला? माझ्या मते फक्त अक्षतांना ठेवा, तिथं तो खरोखरच पडतो. बाकी चार बटणांना साधं काळं होऊन उघडू दे. काळ्यातही उडी तितकीच लपते.

#२३ येळ्ळूरची_पोर

पटलं. आईबी तेच म्हणाली असती.

#२४ येळ्ळूरची_पोर

पहिली डिस्क जाळली, म्हणजे बर्न केली. लॅपटॉपवर सगळं छान. प्लेयरवर लावली तर वरातीतली लेझीमवाली पोरं अशी थरथरतात जणू भूकंप झाला. मंगलाष्टकं ठीक, कारण सगळे उभे आहेत. मेनूही ठीक. कॅसेट खराब झाली का?

#२५ निपाणी_ते_हिंजवडी

कॅसेट बरी आहे. हप्त्यांचा क्रम उलटा पडलाय. बाईंनी सांगितलं ना, टीव्ही दोन हप्त्यांत काढतो. तुझ्या डोंगलनं वरच्या ओळींचा हप्ता आधी घेतलेला असणार, आणि एडिटिंगच्या प्रोजेक्टमध्ये खालचा आधी असं ठेवलेलं असेल. मिनी-डीव्हीच्या कॅमेऱ्यांचा क्रम तसा असतो, म्हणून बऱ्याच सॉफ्टवेअरची सवय तीच. मग हललेली प्रत्येक गोष्ट एक पाऊल पुढं, एक पाऊल मागं जाते. उभी माणसं ठीक दिसतात. लॅपटॉप दोन्ही हप्ते एकत्र करून दाखवतो म्हणून तिथं कळलं नाही. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये 'अपर फील्ड फर्स्ट', म्हणजे वरचा हप्ता आधी, असं कर आणि पुन्हा काढ.

यापुढं चाचणीला डीव्हीडी-आरडब्ल्यू वापर, पुसून पुन्हा जाळता येते. शेवटची चांगल्या कोऱ्या डिस्कवर, ४ किंवा ८ एक्स वेगानं. जुने प्लेयर घाईत जाळलेल्या डिस्कवर रुसतात. वर कागदी स्टिकर चिकटवू नको, कणभर जरी एका बाजूला गेला तरी डिस्क हेलकावे खाते. साध्या मार्करनं लिही.

#२६ तंबाखू_डेपो

आणि मूळ कॅप्चर हार्डडिस्कवर दोन ठिकाणी ठेवा. आमच्या बहिणीच्या लग्नाची मास्टर टेप एका स्टुडिओनं 'आम्ही जपून ठेवतो' म्हणून घेतली आणि तिच्यावर दुसऱ्याचं बारसं काढलं. आमच्याकडं आता फक्त पहिली वीस मिनिटं आहेत, पुढं अनोळखी बाळ.

#२७ शहापूरचा_शूटर

तसं व्हायचं. टेप महाग होती. मी केलं न्हाई, खरं व्हायचं.

#२८ येळ्ळूरची_पोर

क्रम बदलला, लेझीम आता लेझीमसारखं दिसतंय.

शेवटचं एक. आजी, म्हणजे आईची आई, तिला रिमोट कळत नाही. एकटी बसली तर तोरणच बघत बसेल. काही दाबलं नाही तर आपोआप सुरू करता येतं का?

#२९ निपाणी_ते_हिंजवडी

येतं. तोरणाच्या तीन फेऱ्या सलग जोडून ६० सेकंदांचा व्हिडिओ कर आणि मेनूच्या पोस्ट कमांडमध्ये परत मेनूवर उडीऐवजी पहिल्या टायटलवर, म्हणजे मेनूबाहेरच्या पहिल्या व्हिडिओवर, उडी लिही. एक मिनिट कुणी काही दाबलं नाही की लग्न लागलं.

#३० येळ्ळूरची_पोर

काल वाढदिवस झाला, लग्नाचा. गोकाकहून सगळे आलेले, आईनं होळीगी केलेली, मी बेळगावातून कुंदा आणला. डिस्क घातली.

तोरण आलं. मेनूत कोपऱ्यात एक छोटी चौकट ठेवलीय, हळदीच्या प्रसंगाचा तुकडा त्यात फिरतो. ते तुम्हाला सांगायचं राहिलं. वरच्या ट्रॅकवर चित्र लहान करून ठेवलं, बाकी तोरणासारखंच. त्या तुकड्यात बाबांची आई आहे. जात्यावर हळद दळतेय, मधेच पदर सावरून कॅमेऱ्याकडं बघते आणि हातानं 'जा' म्हणते. ती गेली तेव्हा मी दोन वर्षांचा, हलताना तिला मी या कॅसेटीतच पहिल्यांदा बघितलं.

मी रिमोट बाबांच्या हातात दिला, अक्षतांवर ज्योत आणून. बाबा दाबेनात. 'थांब गे, दाबू नको कुणी.' भोंगा चालू, भात उतरला काय, सगळे हसतायत, बाबा त्या कोपऱ्यातल्या चौकटीकडं बघत बसलेले. तेवढ्यात मिनिट भरलं आणि आपोआप लग्न सुरू झालं. बाबा चिडले. 'कुणी दाबलं? परत ते आण.' परत आणलं. मिनिट झालं, परत लग्न सुरू. असं सात-आठ वेळा झालं. अंतरपाटापर्यंत पोचायला रात्रीचे साडेदहा झाले. अंतरपाट पडला तेव्हा आजी तेवढी म्हणाली, 'हे धोतर कुणाचं?'

दादा, ते आपोआप सुरू होणं काढायचं आहे. सगळं परत एन्कोड करायला लागेल काय?

#३१ निपाणी_ते_हिंजवडी

नाही. व्हिडिओला हात लावू नको. मेनूच्या पोस्ट कमांडमध्ये टायटलच्या जागी परत त्याच मेनूवर उडी लिही, आणि डिस्क पुन्हा बनव. स्टायलर एन्कोड केलेले तुकडे तसेच उचलतो, दहा मिनिटांचं काम. ६० सेकंदांचा व्हिडिओ तसाच राहू दे, उड्या कमी होतील.

कोपऱ्यातली चौकट मोठी करता आली तर बघ.

#३२ येळ्ळूरची_पोर

केली. आता अर्धा पडदा.